घरात एकच पगार, डोक्यावर हप्ते आणि नोकरीचा भरवसा नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका पतसंस्थेत कर्ज आणि वसुली विभागात नोकरी केली. टेबलाच्या त्या बाजूला बसून शेकडो घरांचे हिशेब पाहिले. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीची माणसं कागद घेऊन घरी येतात. बहुतेक जण चाकण, भोसरी, तळेगाव भागातल्या कारखान्यांत काम करणारे, नाहीतर त्यांच्या घरच्या बायका. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

नोकरी अजून आहे, पण ओव्हरटाइम बंद झालाय आणि ठेकेदाराची माणसं कमी करताहेत. मी उगाच घाबरतोय का?

नाही. ओव्हरटाइम बंद होणं, तीन पाळ्यांच्या दोन होणं, पगार सात तारखेचा पंधरावर जाणं, कंत्राटी पोरांना ब्रेक दिल्यावर परत न बोलावणं ही सगळी आधी दिसणारी चिन्हं आहेत. ती तुम्हाला दिसली हे चांगलंच झालं, कारण पगार चालू असताना हातात जे मार्ग असतात ते पगार थांबल्यावर उरत नाहीत. चालू पगाराची स्लिप घेऊन बँकेत गेलेला माणूस आणि तीन हप्ते थकवून गेलेला माणूस, दोघांनाही समोरचा ‘बसा’ म्हणतो. पण पहिल्याला देण्यासारखं त्याच्याकडे बरंच काही असतं, दुसऱ्यासाठी फारच थोडं उरलेलं असतं. वसुली विभागात मी हे इतक्यांदा पाहिलंय की येणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच सांगतो: पहिला हप्ता चुकायच्या आत बोला.

सुरुवात कुठून करू? डोकंच चालत नाही.

एक वही घ्या. मोबाइलमध्ये नको, कारण ही वही घरातल्या दुसऱ्या माणसालाही वाचता आली पाहिजे. एका पानावर प्रत्येक कर्ज: कोणाचं, किती बाकी, हप्ता किती, कोणत्या तारखेला खात्यातून कापला जातो, किती हप्ते उरलेत, तारण काय, जामीन कोण. हातउसने आणि भिशीही लिहा. भिशी लोक कर्जात धरत नाहीत, पण तुम्ही आधी उचलली असेल तर ते कर्जच आहे.

समजा पगार हातात ३२,००० येतो. घरकर्ज १२,५००, मोटारसायकल २,८००, फ्रिज आणि मोबाइलचा हप्ता १,९००, पतसंस्था २,४०० आणि क्रेडिट कार्डाची ‘किमान रक्कम’ ३,०००. बेरीज २२,६००. घरखर्चाला उरतात ९,४००. आणि किराणा, दूध, वीज, गॅस, शाळा, औषधं, पेट्रोल मिळून घर चालतं १४,००० मध्ये. मग महिन्याला हे ४,६०० येतात कुठून? कार्डावरून येतात. म्हणून कार्डाची बाकी कमी होत नाही.

असं पान लिहून झालं की बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की भीती नोकरी जाण्याची वाटत होती, पण घर आजच्या पूर्ण पगारावरही तुटीत आहे. ऐकायला वाईट वाटतं. पण ही तूट आजच कमी करता येते, त्यासाठी कंपनी काय ठरवते याची वाट बघावी लागत नाही. झोप उडवणाऱ्या काळजीत निदान एवढा भाग तरी आपल्या हातातला असतो.

बायकोला सांगितलेलं नाही. सांगू का?

सांगा, आजच सांगा. एकट्याने वाहिलेलं कर्ज मी ज्या ज्या घरात पाहिलं, तिथे ते लपवण्यासाठी आणखी एक कर्ज घेतलेलं पाहिलं. नवरा मित्राकडून हातउसने घेतो, इकडे बायको त्याला कळू न देता बचत गटातून उचलते, आणि दोघंही एकमेकांना जपत असतात.

सांगताना वही समोर ठेवा. ‘आपली परिस्थिती वाईट आहे’ एवढंच सांगितलं तर समोरच्याच्या मनात भीती राहते. ‘एवढं देणं आहे, एवढे महिने निघतील’ असं सांगितलं तर तो माणूस हिशेबात भागीदार होतो. घरखर्चात कुठे हात आखडायचा हे बहुतेक घरांत बाईलाच नेमकं ठाऊक असतं, आणि तिला न विचारता केलेली काटकसर आठवडाभरही टिकत नाही.

आईवडील गावी असतील आणि दरमहा त्यांना पैसे पाठवत असाल तर त्यांनाही कल्पना द्या. ‘पोराला पुण्यात चांगली नोकरी आहे’ या समजावर गावाकडे लग्नाचे, ट्रॅक्टरचे, बोअरचे बेत ठरत असतात.

मुलांना काय सांगायचं?

आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना खरं सांगा: या वर्षी हात जरा आखडता आहे, शाळा चालू राहणार, नवा मोबाइल येणार नाही. लहान मुलांना रक्कम कळत नाही, पण आईबाबांचा आवाज चढला की कळतो. त्यांच्यासमोर हिशेबावरून भांडू नका. फीसाठी शाळेत जाऊन मुदत मागायची असेल तर पालकांनी जावं, मुलाच्या हाती निरोप देऊ नये.

थोडे पैसे साठलेत. आधी कोणतं कर्ज फेडू?

एरवी उत्तर सोपं आहे: ज्याचं व्याज जास्त ते आधी. पण पगाराचाच भरवसा नसेल तर मी थोडं वेगळं सांगतो. आधी दोन महिन्यांचं रेशन, भाडं आणि वीज यापुरती रोकड बाजूला ठेवा. ती ज्या बँकेचं कर्ज आहे तिच्या खात्यात ठेवू नका, कारण थकबाकी झाली तर त्या खात्यातली रक्कम कर्जाकडे वळवण्याचा अधिकार बँक वापरू शकते.

ही रोकड ठेवून जे उरेल त्याने असं कर्ज संपवा, जे संपल्यावर दरमहाचा सगळ्यात मोठा हप्ता मोकळा होईल. वरच्याच घरात फ्रिज-मोबाइलचे पाच हप्ते उरलेत, म्हणजे ९,५००. हातात १०,००० आहेत. ते कार्डावर भरले तर पुढच्या महिन्याची किमान रक्कम फार तर पाचशेने उतरेल. तेच फ्रिजच्या कर्जावर भरले तर दरमहा १,९०० सुटतात. पगार थांबला त्या महिन्यात हे १,९०० म्हणजे घरातलं दूध आणि गॅस. व्याजाच्या गणितात थोडं नुकसान होतं, ते मला मान्य आहे. पण अशा काळात तुम्ही पैशाने महिने विकत घेत असता.

पैसे कमी पडले तर कोणाला आधी द्यायचे, याचा माझा क्रम असा. पोट, छप्पर, औषधं आणि विम्याचा हप्ता सगळ्यांच्या आधी. मग घरकर्ज. मग ज्या वाहनावर रोजी चालते त्याचं कर्ज. मग ज्याला तुमचा मित्र किंवा सहकारी जामीन आहे ते कर्ज. कार्ड आणि बिनतारणाचं वैयक्तिक कर्ज शेवटी. प्रत्यक्षात लोक उलटं करतात, कारण कार्डवाल्यांचे फोन जास्त येतात आणि घरकर्जाचा फोन उशिरा येतो. ज्याचा आवाज मोठा त्याला आधी पैसे, असं होऊ देऊ नका.

क्रेडिट कार्डाची किमान रक्कम तर मी दर महिन्याला भरतो. मग बाकी का कमी होत नाही?

६०,००० बाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरा, बऱ्याच कार्डांवर दर याच्या आसपास असतो. व्याज झालं २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३७८. तुम्ही भरलेल्या ३,००० मधले २,४७८ इथेच संपले. मुद्दलातून गेले ५२२. त्याच महिन्यात कार्डावर हजाराचा किराणा भरला की तुम्ही मागे गेलात. शिवाय बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत.

कार्ड वापरणं आधी थांबवा. मग बँकेला सांगून उरलेली बाकी ठरावीक हप्त्यांच्या कर्जात बदलून घ्या, व्याज बरंच खाली येतं. पगार चालू आहे तोवर हे सहज मिळतं. एका कार्डातून रोख काढून दुसऱ्याचं बिल भरण्याचा खेळ सुरू झाला असेल तर त्या दिवशी दोन्ही कार्डं कपाटात नाही, कात्रीखाली गेली पाहिजेत.

घरकर्जाची मुदत वाढवून घेतली तर हप्ता किती उतरेल?

वाटतं त्यापेक्षा कमी. १४ लाख ४० हजारांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १२,५०० येतो. तेच २५ वर्षांचं केलं तर ११,६०० च्या आसपास. महिन्याला ९०० रुपयांचा आराम, आणि शेवटपर्यंत भरलेल्या एकूण रकमेत पावणेपाच लाखांहून जास्त वाढ. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजच असतं, म्हणून मुदत ताणून फार हाती लागत नाही.

दरमहाचे ९०० खरंच निर्णायक असतील तर घ्या. दिवस सुधारल्यावर मुदत परत कमी करून घेता येते, आणि बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतीआधी भरलेल्या पैशाला दंड लावता येत नाही. पण आधी छोटी कर्जं बघा. महिन्याचा खरा आराम तिथे मिळतो.

बँकेत जाऊन नेमकं काय बोलू? माझा सिबिल खराब होणार नाही ना?

सिबिल म्हणजे तुम्ही कर्ज कसं फेडता यावरून मिळणारे गुण. नुसतं जाऊन विचारल्याने ते हलत नाहीत. हप्ता चुकला की हलतात.

सोबत तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, खात्याचा उतारा आणि एक पानी अर्ज न्या. अर्जात परिस्थिती चार ओळींत लिहा, आज किती हप्ता भरू शकता तो आकडा लिहा आणि काय हवंय ते लिहा: मुदत वाढवून, काही महिने फक्त व्याज, की हप्त्याची तारीख पगारानंतरची. हा शेवटचा बदल लोकांना क्षुल्लक वाटतो. पण पगार दहाला आणि हप्ता पाचला असेल तर तो दर महिन्याला बाऊन्स होतो आणि दोन्हीकडचे चार्जेस लागतात. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर शिक्क्यानिशी पोच घ्या. तोंडी बोलणं साहेबाची बदली झाली की संपतं.

अडचणीपायी अटी बदलून घेतल्या तर पत-अहवालात ‘पुनर्रचना’ असा शेरा लागू शकतो, आणि पुढचं कर्ज मिळताना तो आड येऊ शकतो. तरीही थकबाकीपेक्षा तो बरा. ‘सेटलमेंट’ हे वेगळं प्रकरण आहे. तिथे बँक काही रक्कम सोडते आणि अहवालात खातं ‘सेटल्ड’ दिसतं, पूर्ण फेडलेलं दिसत नाही. करायचंच असेल तर बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका आणि वसुली एजंटाच्या खात्यावर तर कधीच नाही.

पत-अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना तो द्यावाच लागतो. मागवून बघा. न घेतलेलं कर्ज नावावर दिसल्याची उदाहरणं माझ्यासमोर आली आहेत.

सोनं गहाण ठेवू की मोडू?

हा प्रश्न विचारताना आवाज बारीक होतो, मला माहीत आहे. सोन्यामागे बाईचं माहेर असतं. म्हणून निर्णय तिच्या तोंडून यावा, तिच्यावर लादला जाऊ नये.

पैसे कुठून आणि कधी येणार हे ठाऊक असेल, समजा ग्रॅच्युइटी मिळायची आहे किंवा दोन महिन्यांत दुसऱ्या कंपनीत रुजू व्हायचंय, तर गहाण ठेवा. बँकेत सोनेतारणाचं व्याज कार्डाच्या व्याजाच्या पाव हिश्श्याच्या आसपास पडतं, म्हणून सोनं ठेवून कार्ड बंद करणं हा शहाणा व्यवहार आहे, पण कार्ड पुन्हा उघडायचं नाही या अटीवर. पैसे कधी येतील याचा काहीच अंदाज नसेल तर गहाण ठेवलेलं सोनं व्याजात झिजतं आणि शेवटी लिलावात जातं. मग थोडं मोडून एखादं कर्ज कायमचं संपवलेलं बरं. मोडताना एकाच पेढीवर जाऊ नका, वजन आणि घट आपल्या डोळ्यांसमोर लावून घ्या.

पीएफ काढून सगळं फेडून टाकू?

माझं मत: कार्ड आणि वैयक्तिक कर्ज फेडायला पीएफला हात लावू नका. पीएफमधली रक्कम कोणत्याही धनकोला जप्त करता येत नाही, कोर्टाच्या हुकमानेही नाही, असं संरक्षण तिला १९५२ च्या कायद्याने दिलंय. ती काढून कार्डावर भरलीत की आपल्या हाताने सुरक्षित पैसा बाहेर आणून दिलात. घर जायची वेळ आली असेल किंवा दवाखान्याचा खर्च असेल तर गोष्ट वेगळी. किती आणि कधी काढता येतं याचे नियम अलीकडे बदललेत, तेव्हा पीएफ कार्यालयातून ताजी माहिती घ्या. आणि यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक), आधार, बँक खातं जोडलेलं आहे का, नाव आणि जन्मतारीख जुळते का, हे आत्ताच तपासा. नोकरी गेल्यावर जुन्या कंपनीकडून दुरुस्ती करून घेणं म्हणजे हेलपाटे.

नोकरी गेलीच तर हक्काचे काय पैसे मिळतात?

सगळ्यात आधी: दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नका. ‘तुम्हीच राजीनामा द्या, म्हणजे रेकॉर्ड चांगलं राहील’ असं गोड बोलून सांगतात. कामगार कपातीत गेला तर पूर्ण भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. राजीनामा दिला की तो हक्क जातो. विचार करायला दोन दिवस मागा आणि युनियनमध्ये किंवा कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन या.

ग्रॅच्युइटी सलग पाच वर्षं झाल्यावर मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० असेल आणि ८ वर्षं झाली असतील तर १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ८, म्हणजे सुमारे ८३,०००. नव्या कामगार संहितेत ठरावीक मुदतीवर नेमलेल्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीची तरतूद आहे. त्यामुळे नेमणूकपत्रावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. ठेकेदारामार्फत लागलेल्यांनी स्लिप, गेटपास, हजेरीचे फोटो असं सगळं जपून ठेवा.

पगारातून ईएसआयची (कामगार विम्याची) कपात होत असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना विचारा. कपातीत नोकरी गेली आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असल्या तर आयुष्यात एकदा, ९० दिवसांपर्यंत, सरासरी मजुरीच्या ५० टक्के रक्कम मिळते. योजनेची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवली जाते, म्हणून आज चालू आहे का हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारून घ्या. राजीनामा दिलेल्याला ती मिळत नाही, हे आणखी एक कारण.

कंपनीचा मेडिक्लेम आहे, म्हणून वेगळा विमा घेतला नव्हता. नोकरी गेली तर?

विमाही त्याच दिवशी जातो. एकच पगार असलेल्या घराला कर्जात ढकलणारं सगळ्यात मोठं कारण मी आजारपणच पाहिलंय. नोकरी सुटण्याआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदल करून मिळेल का, हे विचारा. सोय असते, पण सांगत कोणी नाही. आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत यादीतल्या उपचारांसाठी, यादीतल्या रुग्णालयांत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. ती आता फक्त पिवळ्या-केशरी कार्डांपुरती नाही. रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत ना, बघा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्याच कार्डावर राहिलेलं असतं.

वसुलीवाले रात्री फोन करतात, शेजाऱ्यांना सांगतात. त्यांना हे करता येतं?

नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जात ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना सांगून बदनामी हे सगळं बंद आहे. एजंट दारात आला तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. फोनची तारीख-वेळ वहीत लिहा, संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवा.

आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, पैसे लागत नाहीत. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्थेची तक्रार तिथे चालत नाही, त्यासाठी सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात जावं लागतं. आणि कोणी अंगावर आलं, दार अडवून बसलं, तर सरळ ११२.

वसुली करणाऱ्यांशी नीट बोललं पाहिजे हेही सांगतो. फोन बंद करून ठेवू नका. ‘या महिन्यात अमुक तारखेला एवढे भरीन’ म्हणा, आणि जमेल तेवढंच म्हणा. माझ्या रजिस्टरमध्ये ज्यांच्या नावापुढे ‘संपर्क नाही’ असं असायचं, त्यांची फाइल आधी वर जायची.

मोबाइलवरच्या ॲपने पाच मिनिटांत पैसे दिले, आता फोटो पसरवण्याची धमकी देतात.

घाबरून दुसऱ्या ॲपवरून घेऊ नका. ही साखळी अशीच वाढते. नियमाने कर्ज देणारं ॲप कुठल्या ना कुठल्या बँकेशी किंवा वित्त कंपनीशी बांधलेलं असतं, कर्जाच्या अटींचा तक्ता आधी देतं आणि तुमचे संपर्क, फोटो उघडत नाही. तुमचं ॲप तसं आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघता येतं. धमकी आली की १९३० वर सायबर तक्रार नोंदवा. आणि तुमच्या संपर्कातल्या माणसांना आधीच एक संदेश पाठवा: माझ्या नावाने काही घाणेरडं आलं तर ती फसवणूक आहे, उघडू नका. हे सांगितल्यावर धमकीतली अर्धी ताकद तिथेच जाते.

याच काळात ‘घरबसल्या लाइक करा, रोज दोन हजार कमवा’ असे संदेशही फार येतात. पहिले शंभर-दोनशे खरेच देतात, मग ‘डिपॉझिट’ मागतात. गरजेत असलेली हुशार माणसंही यात हजारो रुपये घालवून बसलेली मी पाहिलीत.

चौकातल्या सावकाराकडून दहा टक्क्यांनी घेतलेत.

ते दहा टक्के महिन्याचे, म्हणजे वर्षाचे १२०. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. परवानाधारकालाही बिगरशेती कर्जावर वर्षाला तारण असेल तर १५ आणि तारण नसेल तर १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही, चक्रवाढ लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. जुनी माणसं याला दामदुप्पट म्हणतात. सावकारीपोटी जमीन किंवा घर लिहून दिलं असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करा. चौकशी होऊन मालमत्ता परत मिळू शकते. सही केलेले कोरे चेक आणि कोरे स्टँप कुणालाही देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी.

हप्ते थकले तर तुरुंगात टाकतात का?

नुसतं कर्ज फेडता आलं नाही म्हणून नाही. तो दिवाणी विषय आहे. पण चेक बाऊन्स झाला तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो, आणि खात्यातून आपोआप जाणारा हप्ता बाऊन्स झाल्यावरही तशीच तरतूद वेगळ्या कायद्यात आहे. १३८ ची नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. नोटीस घ्यायला नकार देऊ नका, पाकीट परत पाठवलं म्हणून मुदत थांबत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. बायका, कमी उत्पन्नाची माणसं आणि कामगार यांना मोफत वकील मिळतो.

घर जाईल का?

एका रात्रीत नाही. बँकेचं कर्ज ९० दिवस थकलं की ते अनुत्पादक, म्हणजे थकीत खातं (एनपीए) ठरतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी आक्षेप घेता येतो आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर ताब्याची नोटीस, तिच्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद, आणि विक्रीआधी पुन्हा ३० दिवसांची नोटीस. लिलावात देण्यापेक्षा जास्त रक्कम आली तर वरची तुमची. पतसंस्थेची वाट वेगळी आहे: सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढतात आणि मग जप्ती.

घर ठेवणं झेपणारच नाही असं वहीत स्पष्ट दिसत असेल तर ते स्वतः विका. बँकेला सांगून, तिच्या संमतीने विकलेल्या घराला बाजारभाव मिळतो. लिलावात तो क्वचितच मिळतो. हा सल्ला देताना मलाही जड जातं, कारण माणसं त्या भिंतींवरून हात फिरवत उत्तर देतात.

माझ्या कर्जाला मित्र जामीन आहे. त्याला कधी सांगू?

बँकेला सांगाल त्याच आठवड्यात. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि पतसंस्थेची नोटीस दोघांना एकदमच निघते. त्याला ती पोस्टमनकडून कळली तर मैत्री गेली. तुमच्याकडून कळली तर कदाचित तोच तुमच्यासोबत शाखेत येऊन बसेल.

रात्री दोन वाजता जाग येते, छाती धडधडते. कधी कधी वाटतं, मी नसलो तर बरं.

हे वाचत असाल आणि असं वाटत असेल तर बाकीचं पान राहू द्या. १४४१६ लावा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालू असते, मोफत असते आणि मराठीत बोलता येतं. शेजारी झोपलेल्या माणसाला उठवा आणि जे वाटतंय ते त्याच शब्दांत सांगा. एकटे बसू नका.

घरातल्यांसाठी: माणूस गप्प गप्प झाला, विम्याचे कागद कुठेत ते सांगू लागला, आपल्या वस्तू वाटू लागला, तर त्याला थेट विचारा की जीव द्यायचा विचार मनात येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. औषधं, कीटकनाशकं हाताशी ठेवू नका. आणि सिव्हिल किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात सोबत घेऊन जा.

नुसत्या काळजीने झोप उडत असेल तर एक साधा नियम करा. कर्जाचं बोलणं आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, वही उघडून. रविवारी सकाळी चहा झाल्यावर अर्धा तास. इतर वेळी काही सुचलं तर वहीत एक ओळ लिहायची आणि वही मिटायची. ज्या घरांनी हे केलं तिथे जेवणाच्या ताटावरची भांडणं थांबली, एवढं मी खात्रीने सांगतो.

बायको शिलाई किंवा डब्यांचा उद्योग सुरू करू म्हणते. त्यासाठी कर्ज घ्यावं का?

उद्योग जरूर, कर्ज आत्ता नको. आहे त्या मशीनवर, आहे त्या भांड्यांत, ओळखीच्या चार घरांपासून सुरुवात करा. तीन महिने गिऱ्हाईक टिकलं तर पुढचं बघू. दोन हजार मिळाले तरी ते दुसऱ्या दारातून आलेले असतात.

हे सगळं वाचून झालं. उद्या सकाळी उठून पहिलं काय करू?

दहा रुपयांची वही आणि खात्याचा सहा महिन्यांचा उतारा. उतारा शाखेत मिळतो किंवा मोबाइलवर. हप्त्यांच्या ओळींखाली लाल रेघ मारत जा, बायकोला शेजारी बसवा. बेरीज तिला करू द्या.